कावळ्याला दिलेला शब्द

रामकुंडावरचे कावळे खाऊनपिऊन सुखी. रोज सकाळी दहा-पंधरा दहावे होतात, भाताच्या पिंडांना तोटा नाही. त्यामुळे कुणाच्या पिंडाला झटकन शिवायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हे ते आपल्या मर्जीने ठरवतात. ललितच्या दहाव्याला त्यांनी सव्वा तास लावला. शहाण्णव सालचा एप्रिल, फरशीवर पाय ठरत नव्हता. एक कावळा तेवढा दोन उड्या पुढे यायचा, मान वाकडी करून पिंडाकडे बघायचा आणि परत पाठ फिरवायचा.

गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो आणि मागे राहिलेलं आम्ही बघू असा शब्द देतो. ललितचा चुलता मोतीराम पुढे झाला. "लल्या, तुझ्या आईबापाला मी अंतर देणार नाय, बाबा," म्हणाला. कावळा ढिम्म. मामाने हात जोडले, मावशी रडली. कावळा पंख साफ करत बसला. शेवटी गुरुजींनी विचारलं, "दर्भाचा कावळा करून शिवायचं का? पुढची मंडळी खोळंबलीत."

तेव्हा लहानू उठला. बावन्न वर्षांचा बाप, वीस वर्षांच्या पोरासाठी डोकं भादरून बसलेला. पिंडापुढे उभा राहून तो मोठ्याने म्हणाला, "ललित, तुझी बी.ए. राहिली ना रे? ती मी पुरी करीन. तुझा बाप करील. शब्द देतो."

कावळा उतरला आणि चोच मारून गेला.

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. लहानूचं शिक्षण सातवी, तेही रडतखडत, हे त्या घटकेला कुणाला आठवलं नाही. आणि मागे बायकांत बसलेल्या त्याच्या बायकोकडे, सखुबाईकडे, तर कुणाचं लक्षच नव्हतं. नेमक्या त्याच क्षणी तिने डोळे मिटून मनातल्या मनात म्हटलं होतं, 'बाळा, तुझ्या बापाला मी खरं सांगीन. नक्की सांगीन.' डोळे उघडले तेव्हा पिंडावर चोचीची खूण होती. आता कावळ्याने नवऱ्याचा शब्द घेतला की बायकोचा? कावळे काही पावती देत नाहीत.

खरं काय होतं, ते सांगतो.

मखमलाबादच्या शिवारात पाटाकडेला लहानूचा अडीच एकर मळा. झेंडू, शेवंती आणि मधल्या जागेत मेथी-कोथिंबीर. पहाटे सायकलला पाट्या बांधायच्या आणि गंगेवरच्या, रामकुंडाशेजारच्या फुलबाजारात जायचं, हे त्याच्या बापापासून चालत आलेलं. लहानू कामाला वाघ, पण एका गोष्टीपायी वेडा. एकदा एका मोठ्या हॉटेलची रोजची फुलं त्याला मिळता मिळता राहिली. मॅनेजरपुढे हा हात चोळत उभा, आणि याच्याहून हलकी फुलं असलेल्या एका पोराने इंग्रजीत दोन वाक्यं फाडली आणि ऑर्डर खिशात घातली. त्या दिवसापासून लहानूने ठरवलं की आपल्या पोराने खुरप्याला हात लावायचा नाही, इंग्रजी शिकायचं. ललित बारावी झाला तसं त्याला गावातल्या कॉलेजात बी.ए.ला घातलं, इंग्रजी घेऊन. पोराला काय हवंय ते विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, ती लहानूने तरी कुठून आणावी?

आणि पोराचा जीव सगळा मातीत. कॉलेजातून आला की पुस्तकं टाकून मळ्यात. सुट्टीच्या दिवशी एका रोपवाटिकेत जाऊन तो गुलाबाचे डोळे भरायला शिकला. रानगुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, तिच्यात चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा आणि पट्टी गुंडाळायची. लहानूच्या घरात झेंडू-शेवंतीपलीकडे कुणी गेलं नव्हतं. गुलाब म्हणजे त्यांच्या लेखी नसते नखरे. म्हणून ललितने विहिरीच्या बांधाला तेवीस खुंट लावले आणि बापाला सांगितलं, "आण्णा, काटेरी कुंपण होईल." बापालाही ते पटलं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा आली तसं त्याने आईपाशी तोंड उघडलं. "आई, मला नाय जमत ते. समदं पाठ करतो आन पेपर हातात घेतला की डोकं रिकामं होतं. मला मळा करायचाय. तू सांग ना आण्णांना."

"पेपर व्हऊ दे," सखुबाई म्हणाली. "मंग सांगते. आत्ता त्यांचा पारा चढवू नको."

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी ललित खिशाला पेन लावून घरातून निघाला, पाटाने वळसा घालून मळ्यात आला आणि कपडे काढून ठेवून गुलाबांपाशी बसला. लहानू बाजारातून यायचा होता. सखुबाई मेथी काढायला आली आणि पोराला बघून म्हणाली, "आरं, पेपर?" हा मात्र खुशीत. "आई, ये इकडं. बस. तुला दावतो डोळा कसा भरायचा. नीट बघून ठेव, मंग आपण दोघं मिळून समदा बांध भरू." ती बसली. तो चाकूने चीर देत होता, डोळा सोलत होता, बोलत होता, आणि तिची नजर रस्त्यावर, सायकल दिसते का म्हणून. सगळं दाखवून झाल्यावर तो झाडांना पाणी द्यायला मोटर चालू करायला गेला. विजेच्या पेटीत ओल होती.

लहानू आला तेव्हा पोराला बाजेवर ठेवलेलं होतं, चड्डी-बनियनवर, हाताला माती. त्याने एवढंच विचारलं, "आज पेपर व्हता ना? हा हितं कसा?"

सखुबाई म्हणाली, "म्याच धाडलं. कपडे काढून ठेव, मोटर चालू कर आन मंग जा म्हटलं."

का म्हणाली? मेलेल्या पोराला बापाच्या तोंडून खोटारडा म्हणून ऐकून घ्यायला लागू नये, एवढंच तिच्या मनात आलं. चितेला अग्नी द्यायच्या आधी बापाने पोराचा राग करू नये. मग तिने तो राग स्वतःच्या अंगावर घेतला. चार दिवसांनी सांगू, असं तिला वाटलं होतं.

लहानूने तिला कधी बोल लावला नाही. त्याने हात उगारला असता, शिव्या घातल्या असत्या, तर तिला सोपं गेलं असतं. त्याने फक्त तिला हाक मारायची सोडली. आधी दिवसातून पन्नास वेळा "लल्याची आई" चालायचं. पाणी दे लल्याची आई, अडकित्ता कुठंय लल्याची आई. दहाव्यानंतर तो भिंतीशी बोलायला लागला. "चहा झाला आसंल तर बरं," असं तो भिंतीला सांगायचा आणि सखुबाई चहा आणून द्यायची.

आणि दिलेला शब्द पाळायला म्हणून तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो ललितच्या कॉलेजात गेला. धुतलेलं धोतर नेसून कारकुनापुढे हात जोडून म्हणाला, "माझ्या पोराची जागा रिकामी झाली. तिथं मला बसवा." कारकून बिचारा घाबरलाच. तेवढ्यात इंग्रजी शिकवणाऱ्या साधना मॅडम आल्या. पोरगी तिशीचीही नव्हती, पण माणूस ओळखणारी. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं की कॉलेजातली जागा अशी बापाला मिळत नाही. पण मुक्त विद्यापीठ आहे, त्याची पूर्वतयारीची परीक्षा द्या, मग घरी शेती करून बी.ए. करता येईल, रविवारचे वर्ग इथेच भरतात. लहानूने विचारलं, "विषय त्योच मिळंल ना? त्याचाच?" मॅडम म्हणाल्या, मिळेल. पण काका, मराठी घेतलंत तर सोपं जाईल. "सोपं नको. त्याचंच पायजे," लहानू म्हणाला.

मग सुरू झाला तो तमाशा, आणि तमाशाच म्हणायचं त्याला. मेथीच्या वाफ्यात लहानू पुढे पुढे सरकतोय आणि प्रत्येक जुडीला एक शब्द म्हणतोय, "गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन." कामाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. लंकाबाई नावाची एक अगोचर बाई होती. ती संध्याकाळी रुपये मागताना "गिव्ह, गेव्ह, गिव्हन" म्हणायची. सखुबाईलाही एकदा हसू फुटलं, पोर गेल्यापासून पहिल्यांदा. मग घरात जाऊन ती तेवढंच रडली.

कारण ती बघत होती. रविवारी पिशवीत वही घेऊन लेकाच्या वयाच्या पोरांत जाऊन बसणारा, मॅडमनी प्रश्न विचारला की उभं राहून उत्तर देणारा हा माणूस त्या शब्दावरच तग धरून होता. त्याला ते इंग्रजी अजिबात आवडत नव्हतं. पुस्तक उघडलं की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या, जांभया यायच्या, तो स्वतःच्या मांडीला चिमटे काढायचा. पण भिंतीला सांगायचा, "पोरगं कसं आवडीनं करायचं. आपल्याच्यानं एवढं बी व्हईना?" सखुबाई चुलीपाशी खाली मान घालून भाकरी थापायची.

दर पितृपक्षात ती कौलांवर घास टाकायची आणि म्हणायची, 'सांगते रे, यंदा सांगते.' कावळा घास घेऊन जायचा. तिला वाटायचं, हा आता दरसाल आठवण द्यायला येतोय.

एकदा सांगायची वेळ अगदी ओठांवर आली होती. नव्याण्णव साली लहानू पहिलं वर्ष पास झाला. अभ्यासाला वेळ पुरेना म्हणून त्याने मळा मोतीरामला वाट्याने दिला आणि विहिरीजवळचा तुकडा तेवढा म्हशीच्या घासासाठी ठेवला. निकालाच्या दिवशी दुपारी जेवून तो कुदळ घेऊन बांधाकडे निघाला. सखुबाई मागोमाग गेली. तेविसांतली एकोणीस झाडं जगली होती, चांगली कमरेएवढी झाली होती आणि त्या साली पहिल्यांदा अंगभर कळ्यांवर होती. ती चोरून त्यांना पाणी घालायची.

"र्‍हाऊ द्या ना," ती म्हणाली.

"कशाला?" लहानू भिंतीऐवजी विहिरीला म्हणाला. "पाणी खात्यात नुस्ते. कुंपनच तर हाय. कोन बघनार त्यांच्याकडं?"

तिने तोंड उघडलं. पण त्या दुपारी लहानू दोन भाकरी जेवला होता. तीन वर्षांत अर्धीच्या वर न गेलेला माणूस पासच्या आनंदात दोन भाकरी आणि वर कांदा खाऊन, ढेकर देऊन उठला होता. तिने तोंड मिटलं. एकोणीस झाडं मुळासकट बाहेर पडली, कळ्यांसकट. ती बांधावर उभी राहून बघत राहिली. तिन्हीसांजेला जाऊन तिने त्या ढिगातून त्यातल्या त्यात हिरवं एक झाड उचललं आणि न्हाणीपाशी तेलाच्या जुन्या डब्यात लावलं. ते जगलं, पण वरचा गुलाब वाळून गेला आणि खालून रानटी खुंटच फुटला. काटे भरपूर आणि फूल नावाला. लहानूला आंघोळीला जाताना दर दोन दिवसांनी काटा लागायचा आणि तो म्हणायचा, "ही काय ब्याद ठेवलीय दारात!" सखुबाई फांदी बाजूला बांधायची आणि डब्यात पाणी घालायची.

बी.ए.चे बाकीचे सगळे विषय निघाले. अडला तो एकच पेपर, दुसऱ्या वर्षाचा इंग्रजीचा, ललितने न दिलेला. लहानू त्यात पाच वेळा नापास झाला. दर वेळी निकाल आला की ललितच्या फोटोपुढे जाऊन कान धरायचा आणि पुन्हा फॉर्म भरायचा. मोतीराम म्हणाला, "दादा, सोड आता, कावळा काय बगायला येतोय?" तर त्याच्याशी महिनाभर बोलला नाही.

दोन हजार चार सालच्या जूनमध्ये पोस्टमनने गुणपत्रिका आणली. शंभरात एक्केचाळीस.

लहानू साठीचा झाला होता, मिशा पिकल्या होत्या. त्याने पेढे आणले, गुणपत्रिका फोटोपुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मग ओट्यावर येऊन बसला आणि आत बघून हाक मारली, "लल्याची आई, जरा भाईर ये."

सखुबाई भांडी घासत होती. आठ वर्षांनी ती हाक आली होती. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली.

"बस," लहानू म्हणाला. "या खेपेला पेपरात पत्र आलं व्हतं. वडलांना पत्र लिवा, तुम्ही काय शिकता आन का शिकता. मला म्हटलं, देवच पावला. म्या ललित व्हऊन लिवलं. डिअर फादर, तुम्ही मला इंग्रजी शिकायला घातलं, तुमचे लय उपकार हायेत. मला ह्ये शिकायला फार आवडतं. मी यक दिवस मोठा मानूस व्हऊन तुमचं नाव काढीन. आसं पानभर लिवलं बघ. त्याच्यातच मार्क पडले आसतील." तो जरा थांबला. उपरण्याने डोळे पुसले. "त्यानं लिवलं आसतं तर आसंच लिवलं आसतं."

सखुबाईने ओले हात पदराला पुसले.

"आन आजून यक सांगायचंय. तुझ्यावर माझा लय राग व्हता. पेपरच्या दिशी पोराला मोटरीकडं धाडलं म्हून. आठ वर्सं तुझं तोंड बघताना मला त्योच दिवस दिसायचा. आज त्याचं पुरं झालं. आज म्या राग सोडला. तुला तरी काय ठावं व्हतं, तिथं मरन बसलंय म्हून."

ती माफी पदरात घ्यायची आणि गप्प बसायचं, एवढंच आता बाकी होतं. नवरा परत बोलायला लागला होता. उरलेली दहा-पंधरा वर्षं सुखाने गेली असती. सखुबाईला ते कळत नव्हतं असं नाही. हातातोंडाशी आलेला घास होता तो, आणि तिला भूकही फार होती. पण ते पत्र तिच्या काळजात रुतलं. पोर जिवंतपणी जे कधी बोललं नाही ते बापाने त्याच्या तोंडी घातलं होतं, आणि त्याला मार्क मिळाले होते. आता कुणी सांगितलं नाही तर लल्या कायमचा तसाच राहणार होता, इंग्रजीची आवड असलेला, कुणाचा तरी भलताच मुलगा.

"म्या नव्हतं धाडलं त्याला," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. पेपर टाळून पाटाने कसा आला, काय म्हणाला, तिने काय सांगायचं कबूल केलं होतं आणि दहाव्याला कावळ्याला काय शब्द दिला होता. सांगताना ती रडली नाही. आठ वर्षं मनात म्हणून म्हणून ते तिला पाठ झालं होतं.

पेढ्यांवर माशा बसल्या, त्या कुणी हाकलल्या नाहीत.

"त्याला आवडत नव्हतं?" त्याने विचारलं.

"नाय."

"माझ्यासारखंच."

"हां."

"मंग काय करायचं व्हतं त्याला?"

"मळा. तुमच्यासंगं. गुलाब लावायचे व्हते."

"कुठले गुलाब?"

"हिरीच्या बांधाला व्हते त्ये. कुंपन म्हून सांगितलं तुमाला. त्यानं डोळे भरले व्हते त्यांचे."

लहानूने आपले दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "त्ये म्या उपटले."

"हां."

"तू तिथंच उभी व्हतीस."

"हां."

"तवा का नाय बोललीस?"

"त्या दिशी तुम्ही दोन भाकरी खाल्ल्या व्हत्या," सखुबाई म्हणाली.

तेव्हा लहानू रडला. दहाव्याला रडला नव्हता एवढा रडला, तोंड उघडं टाकून, शेजारच्या ओट्यावर माणसं उभी राहिली तरी. सखुबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो त्याने झटकला नाही, धरलाही नाही.

मग उठून तो न्हाणीकडे गेला. तेलाच्या डब्यासमोर उकिडवा बसला आणि ज्या फांदीला आठवड्यातून तीनदा शिव्या घालायचा ती बोटांनी चाचपून बघितली. काटा लागला, तरी सोडली नाही.

"ह्ये त्यातलंच?"

"हां. पर वरचा गुलाब गेला. खालचा खुंट तेवढा ऱ्हायलाय."

"खुंट जित्ता हाय ना!" तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज असा कधी आला नव्हता. घाईघाईने कनवटीचा चाकू काढून तो तिच्याकडे वळला. "खुंट जित्ता आसला म्हंजे परत डोळा भरता येतो ना? सांग, मला शिकव. त्यानं त्या दिशी तुला दावलं व्हतं ना कसा भरायचा?"

सखुबाईने तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आणला. पोराचा आवाज आला, मातीचे हात आले, नीट बघून ठेव म्हणाला तेही आलं. पण चीर कुठून दिली, डोळा कसा सोलला, ते काही केल्या दिसेना. दिसत होता तो नुसता रस्ता.

"दावलं व्हतं," ती म्हणाली. "पर म्या बघितलं नाय. माझं ध्यान तुमच्या वाटंकडं व्हतं."